विसर्गाएवढं अंतर

दुःख आणि दुखणं यांच्यात मराठीनं एका विसर्गाचं अंतर ठेवलं आहे. माणूस गेला की दुःख होतं, दाढ किडली की दुखणं. संस्कृतात हे दोन वेगळे शब्द नाहीत, एकच आहे. तो प्राकृतात ‘दुक्ख’ झाला आणि तिथून लोकांच्या तोंडी झिजत मराठीत आला, तो ‘दुखणे’. तोच शब्द पुढे पंडितांनी पोथीतून पुन्हा जसाच्या तसा उचलला, तो ‘दुःख’. म्हणजे शरीराच्या वाट्याला तद्भव आला आणि मनाच्या वाट्याला तत्सम. बिचाऱ्या विद्यार्थ्यांना हा विसर्ग नेमका कुठे द्यायचा ते कधीच कळत नाही. ‘दुखः’ असं लिहून ते दोन्ही पक्षांना सारखंच नाराज करतात.

मूळ शब्दाचीही एक गंमत आहे. ‘ख’ म्हणजे पोकळी, भोक. ऋग्वेदात ‘सुख’ हे रथाचं विशेषण म्हणून येतं: ज्याच्या चाकाचं भोक आसावर नीट बसलं आहे, असा सहज धावणारा रथ. त्याच्या उलट ते दुःख, कुरकुरणारं, घासणारं चाक. मोनिअर-विल्यम्सनं आपल्या कोशात मात्र शंका काढली आहे. त्याच्या मते ‘दुःख’ हे बहुधा ‘दुःस्थ’चं प्राकृत वळणानं बदललेलं रूप असावं. दुःस्थ म्हणजे नीट नसलेला, वाईट अवस्थेतला. बुद्धीला ही दुसरी व्युत्पत्ती जास्त पटते. पण सकाळी अंथरुणातून उठताना गुडघ्यांतून जो आवाज येतो तो ऐकला की मत पहिलीलाच पडतं.

हा विसर्ग आज आठवायचं कारण म्हणजे त्याच्या बरोबर मधोमध अडकलेली माणसं. वर्षानुवर्षं पाठ दुखते, मान धरते, अंग ठणकतं, डोक्याला घण बसतात. एक्स-रे होतो, एमआरआय होतो, रक्ताच्या डझनभर तपासण्या होतात. मग डॉक्टर हसतमुखानं सांगतात, “रिपोर्टमध्ये काही नाही.” डॉक्टरांच्या दृष्टीनं ही आनंदाची बातमी असते. ऐकणाऱ्याला मात्र वेगळंच ऐकू येतं: तुम्हाला काही होतच नाही. घरी पोचेपर्यंत ‘काही नाही’चं ‘मनाचे खेळ’ झालेलं असतं, आणि दिवाळीच्या साफसफाईपर्यंत ‘सोंग’. बाईचं दुखणं असेल तर हा प्रवास आणखी लवकर होतो.

वैद्यकशास्त्र यातून आता बरंच पुढे गेलं आहे. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं अकरावं वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात ‘प्राथमिक दीर्घकालीन वेदना’ असा स्वतंत्र कप्पा आहे. म्हणजे वेदना ही दरवेळी दुसऱ्या कुठल्या आजाराचं लक्षण असते असं नाही, ती स्वतःच आजार असू शकते. अशा रुग्णांच्या बाबतीत इजा भरून येते, किंवा मोठी इजा कधी झालेलीच नसते. पण मज्जासंस्था धोक्याची सूचना देत राहते. मेंदू जसा सायकल चालवायला शिकतो तसा दुखायलाही शिकतो, आणि शिकलेलं विसरणं अवघड असतं. अवघड असतं, अशक्य नव्हे. मन आणि शरीर दोघांना हाताशी धरून वेदनेतून बाहेर काढणाऱ्या सगळ्या उपचारपद्धती याच फटीतून आत शिरतात.

पण ‘मन आणि शरीर’ असं म्हटलं की आपण लगेच ‘नक्की कोणतं?’ असं विचारतो. विसर्ग आहे की नाही? खरं तर बोलीतली मराठी हा प्रश्न विचारतच नाही. पायाला लागतं आणि मनालाही लागतं, क्रियापद एकच. दार बोटावर आपटलं तर बोट दुखतं, बोलणं टोचलं तर माणूस दुखावतो. भाजलेल्या बोटावर फुंकर घालतात आणि दुःखावरही. शेजाऱ्यानं नवी गाडी घेतली की पोटशूळ उठतो. हा शूळ म्हणजे तीच त्रिशूळातली, संस्कृत ‘शूल’मधली अणकुचीदार सळई. त्याच शब्दाचं दुसरं रूप सूळ, गुन्हेगाराला द्यायचा. एका शब्दातून मराठीनं शिक्षा काढली, पोटातली कळ काढली आणि मत्सरही काढला. ‘पीडा’ची गोष्टही अशीच. ‘पीड्’ म्हणजे दाबणं, चेपणं. त्याचंच घरगुती रूप ‘पिळणे’. पोटात पीळ पडतो, धुणं पिळतात आणि सासरचे लोक पिळून घेतात. ‘व्यथा’चा मूळ अर्थ तर केवळ थरथरणं, डळमळणं.

मला यातला सगळ्यात बोलका वाटतो तो ‘शल्य’. शल्य म्हणजे बाणाचं टोक, रुतलेला काटा. ते बाहेर काढणाऱ्याची विद्या ती शल्यचिकित्सा, म्हणजे सर्जरी. पण रोजच्या मराठीत शल्य कुठे असतं? मनात. ‘आईच्या शेवटच्या दिवसांत जाता आलं नाही, हे शल्य राहिलं,’ असं आपण म्हणतो. सर्जनच्या टेबलावरचा शब्द मराठीनं सरळ उचलून मनात नेऊन ठेवला आहे. बौद्ध पाली साहित्यातल्या संयुक्तनिकायात याच शब्दावरून नाव पडलेलं एक सुत्त आहे, सल्लत्थ सुत्त. त्यातली मांडणी थोडक्यात अशी: माणसाला एक बाण लागतो, तो शरीराचा. मग तो शोक करतो, घाबरतो, चिडतो, तो त्याला लागलेला दुसरा बाण. शहाण्या माणसालाही पहिला बाण लागतोच, दुसरा मात्र लागत नाही. दीर्घकालीन वेदनेवरच्या आजच्या पुस्तकांत हा दाखला हमखास सापडतो, आणि तो उगाच दिलेला नसतो.

हे सुत्त ज्या विभागात येतं त्याचं नाव वेदना-संयुत्त. इथे मात्र थांबायला हवं, कारण ‘वेदना’ हा या सगळ्या प्रकरणाचा नायक आहे. धातू ‘विद्’, म्हणजे जाणणं. वेद त्याचाच, विद्या त्याचीच, विद्वान त्याचाच, निवेदन आणि आवेदनही. वेदना म्हणजे मुळात जाणवणं, बस. पालीमध्ये वेदना तीन प्रकारची असते: सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली. ‘सुखद वेदना’ हा शब्दप्रयोग आज मराठीत फार तर एखाद्या नवकवीला सुचेल. तिथे तो साधा पारिभाषिक शब्द होता. आपल्याकडे त्या अर्थाचा संकोच झाला. असं ‘वास’ या शब्दाचंही झालं आहे. ‘वास येतोय’ म्हटलं की कुणी चाफ्याकडे बघत नाही, कचऱ्याच्या डब्याकडे बघतात.

या अर्थसंकोचाचा प्रत्यक्ष फटका बसला तो इगतपुरीला. सत्यनारायण गोएंका मंडालेत जन्मलेले व्यापारी. अर्धशिशीनं ते इतके हैराण झाले होते की देशोदेशीच्या डॉक्टरांनी हात टेकले. १९५५ मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकायला गेले. डोकेदुखीवर उपाय म्हणून शिकायचं असेल तर मी शिकवणार नाही, असं सांगून ऊ बा खिन यांनी त्यांना आधी परत पाठवलं, ही हकीकत गोएंका स्वतः सांगत. पुढे १९६९ मध्ये ते भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र सुरू झालं. हिंदीतून शिकवताना त्यांच्यापुढे अडचण आली ती शब्दाची. पालीतला ‘वेदना’ तसाच वापरला असता तर ऐकणाऱ्यानं फक्त दुखरा गुडघा शोधला असता. त्यांनी ‘संवेदना’ म्हटलं. ‘सम्’ हा उपसर्ग लावून शब्दाला त्याचा जुना अर्थ परत मिळवून दिला.

आणि ऊ बा खिन यांचा तो नकार? वेदना घालवण्याच्या हट्टानं वेदनेकडे पाहिलं तर ती हटत नाही. नुसतं पाहिलं तर कदाचित सैल होते. १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जॉन कबात-झिन यांनी सजगतेचा जो कार्यक्रम सुरू केला, त्यात दीर्घकालीन वेदनेचे रुग्ण मोठ्या संख्येनं असत. तिथेही सुरुवात याच पाहण्यापासून होती.

आपल्याकडच्या वैद्यांनी तरी मन आणि शरीर वेगळं केलं होतं का? चरकसंहितेच्या शारीरस्थानात पहिल्याच अध्यायात वेदना राहते कुठे, हा प्रश्न आला आहे. उत्तर असं: मनात आणि इंद्रियांसह देहात. मन आधी आलं आहे. पुढे लगेच अपवादही दिले आहेत: केस, नखांची टोकं, पोटातलं अन्न, मळ वगैरे. कुणीतरी नखं कापत असताना हा श्लोक सुचला असावा, असं मला नेहमी वाटतं. अमरकोशात मनाच्या व्यथेसाठी स्वतंत्र शब्द आहे, ‘आधी’. शरीराची ती व्याधी. दोन्ही शब्द ‘धा’ या एकाच धातूचे, आणि बोलण्यात ते जोडीनंच यायचे, आधी-व्याधी. योगवासिष्ठात आधीतून व्याधी कशी उपजते याची सविस्तर चर्चा आहे. पुढे मराठीत ‘आधी’ म्हणजे नुसतं ‘अगोदर’ एवढंच उरलं, आणि मनाच्या व्यथेचा शब्द गेला. उरली एकटी व्याधी.

इंग्रजीतल्या ‘पेन’चं मूळ निराळं आहे. लॅटिन ‘पोएना’, त्याआधी ग्रीक ‘पोइने’. अर्थ दंड, शिक्षा. आपण त्याला हसायचं कारण नाही, कारण आपल्याकडे ‘भोग’ आहे. ‘भुज्’ या एकाच धातूतून श्रीमंताचे भोग निघाले आणि आजाऱ्याचेही. ‘मागच्या जन्मीचे भोग’ असं एखादी म्हातारी म्हणते तेव्हा ती वेदनेला अर्थ देत असते. तो अर्थ शिक्षेचा असतो. विनाकारण दुखणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त छळतो तो हाच प्रश्न: मी काय केलं म्हणून? इजा सापडली नाही की माणूस गुन्हा शोधतो.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये आपली व्याख्या सुधारली, तेव्हा तिच्याखाली टिपांबरोबर ‘पेन’ची ही व्युत्पत्तीही छापली. शास्त्रज्ञांच्या व्याख्येला व्युत्पत्ती जोडलेली पाहून माझ्यासारख्याला किती बरं वाटलं असेल! पण त्याहून महत्त्वाचा बदल दुसरा होता. १९७९ च्या व्याख्येत वेदना म्हणजे प्रत्यक्ष किंवा संभाव्य ऊतीइजेशी निगडित, किंवा तशा इजेच्या शब्दांत वर्णन केलेला, असा अप्रिय संवेदनात्मक आणि भावनिक अनुभव, असं म्हटलं होतं. नव्या व्याख्येत ‘वर्णन केलेला’ची जागा दुसऱ्या शब्दांनी घेतली: इजेशी निगडित, ‘किंवा तशा इजेच्या अनुभवासारखा’. एक्केचाळीस वर्षांनी आलेल्या या ‘सारखा’ शब्दानं लाखो लोकांचं दुखणं अधिकृत केलं. ज्यांच्या ऊतींत इजा सापडत नाही तेही आता व्याख्येच्या आत आहेत.

डॉक्टरांना शब्द पुरत नाहीत याची जाणीव सगळ्यात आधी ज्यांना झाली, त्यांत रोनाल्ड मेलझॅक यांचं नाव घ्यावं लागेल. पॅट्रिक वॉल यांच्याबरोबर १९६५ मध्ये त्यांनी वेदनेचा ‘द्वार सिद्धांत’ मांडला. वेदनेचा निरोप तारेतून यावा तसा सरळ मेंदूपर्यंत येत नाही. मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे, आणि ते किती उघडायचं हे वरून मेंदूही ठरवतो, असा त्याचा गाभा. चोळल्यावर बरं का वाटतं याचंही उत्तर त्यात होतं. त्यातल्या तपशिलांत पुढे बरेच बदल झाले, गाभा टिकला. पण मेलझॅकचं दुसरं काम मला जास्त जवळचं. रुग्ण वेदनेसाठी कोणते शब्द वापरतात ते त्यांनी गोळा केले. १९७५ मध्ये त्यातून मॅकगिल प्रश्नावली तयार झाली: अठ्ठ्याहत्तर शब्द, वीस गट. ठणकणारी, भोसकणारी, जळजळणारी वेदना एकीकडे. दमवणारी, घाबरवणारी, निर्दय वेदना दुसरीकडे. शिक्षा केल्यासारखी वेदना, असाही एक शब्द त्यांत आहे. पोएना अजून जिवंत आहे म्हणायची.

मराठीत असा संग्रह करायला बसलं तर वीस गट पुरायचे नाहीत. ठणका, ठसठस, सणक, चमक, कळ, पेटका, मुरडा, रग, कणकण, कसकस, आग, चुरचुर, चरचर, झिणझिण्या, मुंग्या. पोटरीत गोळा येतो. काही भागांत त्यालाच वांब म्हणतात. पाठीत उसण भरते. अंग मोडून येतं. पाय भरून येतात. मान आखडते, खांदा धरतो. यातल्या क्रियापदांकडे जरा लक्ष द्या. कळ येते, चमक निघते, उसण भरते, शूळ उठतो, ठणका लागतो. मराठीतलं दुखणं हालचाल करतं. येतं, भरतं, उठतं, आणि म्हणून उतरतंही. ‘आता जरा उतार आहे’ असं आपण म्हणतो.

‘कळ’ आणि ‘कळणे’ यांचं नातं जोडायचा मोह इथे होतो. वेदना म्हणजे जाणणं, मग कळ म्हणजे कळणं! छान जमतं, आणि तिथेच संशय घ्यावा. कळ म्हणजे यंत्राची खुंटीही आणि कळ म्हणजे भांडणही. सारखा आवाज म्हणजे सख्खं नातं नव्हे. तो मोह सोडून देतो.

या जिवंत शब्दांच्या जागी गेल्या तीस-चाळीस वर्षांत दुसरेच शब्द येऊन बसले आहेत. ‘गादी सरकली’, ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘नस दबली’, ‘गुडघ्यातलं वंगण संपलं’, ‘वाटी घासली’. दवाखान्याबाहेरच्या बाकावर पाच मिनिटं बसा, सगळे ऐकू येतील. यातला ‘गॅप’ तर उलटाच आहे. दोन मणक्यांमधली जागा कमी होते तेव्हा आपण म्हणतो गॅप ‘आलाय’. गादीही साबणाच्या वडीसारखी सटकत नाही. मणक्यांमधली चकती वरच्या आणि खालच्या मणक्याला पक्की चिकटलेली असते, ती फुगते किंवा तिच्यातला मऊ भाग बाहेर डोकावतो. पण ‘सरकली’ हा शब्द एकदा कानात गेला की माणूस वाकायला घाबरतो. उसण भरते आणि जाते. सरकलेली गादी परत कशी येणार? वंगण संपलं म्हणजे संपलंच.

आणि या शब्दांनी दाखवलेलं चित्र खरं तरी असतं का? २०१५ मध्ये एका संशोधक गटानं आधीच्या अनेक अभ्यासांमधली, पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांची स्कॅनची माहिती एकत्र केली. विशीतल्यांपैकी ३७ टक्क्यांच्या चकत्यांची झीज झालेली होती, ऐंशीतल्यांपैकी ९६ टक्क्यांच्या. चकती फुगलेली असण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४. आणि यातल्या कुणाचीच पाठ दुखत नव्हती. केस पिकावेत तसे मणकेही पिकतात, एवढाच पुष्कळदा त्या रिपोर्टचा अर्थ असतो.

इंग्रजी वैद्यकही अशा चुकीच्या नावाच्या कचाट्यात सापडलं होतं. सर्वांग दुखण्याच्या एका विकाराला विल्यम गोवर्स यांनी १९०४ मध्ये ‘फायब्रोसायटिस’ म्हटलं. ‘आयटिस’ म्हणजे दाह. सत्तर वर्षं डॉक्टर तो दाह शोधत राहिले, सापडला नाही. १९७६ च्या सुमारास नाव बदलून ‘फायब्रोमायल्जिया’ झालं, म्हणजे तंतू, स्नायू आणि दुखणं, इतकंच. नावातून दाह गेल्यावर शोधाची दिशाच बदलली. स्नायूंवरची नजर हळूहळू मज्जासंस्थेकडे वळली. २०१७ मध्ये अशा वेदनांसाठी ‘नोसिप्लास्टिक’ हा नवा शब्द मान्य झाला. लॅटिन ‘नोसेरे’, म्हणजे इजा करणं, आणि ग्रीक ‘प्लास्टिकोस’, म्हणजे घडवता येणारं. शब्द उच्चारायला खडबडीत आहे, पण आतला अर्थ आशेचा आहे: जे घडलं ते पुन्हा वेगळं घडवता येतं.

आता ‘बाऊ’. माझ्या मते या विषयावरचा मराठीतला सगळ्यात शहाणा शब्द हाच. मूल पडतं, गुडघा खरचटतो, ते रडत सांगतं, “बाऊ झाला.” रात्री झोपत नसलं की त्याला सांगतात, “झोप, नाहीतर बाऊ येईल.” मोठेपणी त्याच माणसाला सांगतात, “एवढा बाऊ करू नकोस.” जखम, भुताची भीती आणि तिळाचा ताड करणं, तिन्हींना एकच शब्द. त्यांचं मूळ एकच आहे की तीन वेगळे बाऊ योगायोगानं एकत्र आले, या वादात मी पडत नाही. वापरात ते एकत्र आहेत, आणि दीर्घकालीन वेदनेतही ते एकत्रच असतात. दुखतं म्हणून भीती वाटते, भीतीपोटी माणूस हालचाल टाळतो, स्नायू ताठतात, लक्ष सतत त्या जागेवर राहतं, मेंदूचा पहारा वाढतो आणि आणखी दुखतं.

नुसत्या बाऊनं किती दुखू शकतं? १९९५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका एकोणतीस वर्षांच्या बांधकाम कामगाराची हकीकत छापून आली. उडी मारताना पंधरा सेंटिमीटरचा खिळा त्याच्या बुटातून आरपार गेला. खिळा जरासा हलला तरी त्याला वेदना होत होत्या. त्याला गुंगीचं आणि तीव्र वेदनाशामक औषध द्यावं लागलं. बूट काढल्यावर दिसलं, खिळा दोन बोटांच्या मधून गेला होता. पायाला ओरखडाही नव्हता. तो नाटक करत होता का? मुळीच नाही. त्याला वेदना झाल्या, खऱ्याखुऱ्या. मेंदूनं खिळा पाहिला आणि निर्णय दिला.

मेंदूचा हा निर्णय बदलता येतो का, याचा एक चांगला प्रयोग अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या केंद्रात झाला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी दहा वर्षं पाठदुखी असलेली १५१ माणसं. एका गटाला चार आठवडे एक मानसोपचार दिला, त्याचा मराठी अनुवाद ‘वेदनेची फेरमांडणी’ असा करता येईल. ही वेदना खरी आहे पण धोक्याची नाही, हे त्या माणसाच्या स्वतःच्या अनुभवांतून त्याला दाखवून द्यायचं. मग दुखऱ्या जागेकडे घाबरून नव्हे, कुतूहलानं पाहायला शिकवायचं. टाळलेल्या हालचाली हळूहळू परत आणायच्या. मनात कोंडलेल्या तणावाकडेही वळायचं. या गटातले ६६ टक्के लोक वेदनामुक्त किंवा जवळजवळ वेदनामुक्त झाले. नुसत्या सलाइनचं इंजेक्शन, तेही ‘यात औषध नाही’ असं सांगून दिलेल्या गटात २० टक्के, आणि नेहमीचे उपचार चालू ठेवलेल्यांत १०. एका वर्षानंतरही फरक बराचसा टिकून होता. प्रयोग एकाच जागेचा, वेदना सौम्य ते मध्यम, हे विसरू नये. यावरून लगेच ढोल बडवायचं कारण नाही. पण वाटेवरचा हा पक्का दगड आहे.

याच वाटेवर आधी न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉन सार्नो चालून गेले होते. त्यांच्या १९९१ च्या पाठदुखीवरच्या पुस्तकानं कित्येकांची पाठ सुधारली, असं त्याचे वाचक सांगतात. दडपलेल्या रागामुळे स्नायूंचा प्राणवायू कमी होतो, हा त्यांचा सिद्धांत मात्र सिद्ध झालेला नाही. लोक बरे होऊनही सिद्धांत चुकीचा असू शकतो. वैद्यकाच्या इतिहासात हे नवं नाही, आणि आपल्या गावांत तर अजिबात नाही. उसण भरली की पायाळू माणसाला शोधून आणतात. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्यानं पाठीला पाय लावला की उसण जाते, असा समज. पायाच्या गुणाचा काही पुरावा नाही; पण विश्वासानं आखडलेली पाठ सैल होऊ शकते. ‘प्लासिबो’ला, म्हणजे औषध नसूनही गुण देणाऱ्या उपचाराला, मराठीत प्रतिशब्द शोधणाऱ्यांनी ‘हातगुण’ या शब्दाकडे पाहावं. औषध तेच, पण ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ असं आपण म्हणतो, तेव्हा औषधाबाहेरच्या उपचाराचीच नोंद करत असतो.

म्हणून माझा राग आहे तो ‘मानसिक’ या शब्दाच्या सध्याच्या वापरावर. शब्द वाईट नाही, त्याचा स्वर वाईट झाला आहे. ‘तुमचं मानसिक आहे’ हे वाक्य आज निदान म्हणून उच्चारलं जात नाही, हाकलून देण्यासाठी उच्चारलं जातं. आणि ‘गादी सरकली’ हे दुसरं टोक. त्यानं माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो. एक शब्द दुखणं नाकारतो, दुसरा ते दगडात कोरून ठेवतो. मला निवडायचं असेल तर मी आजीची उसण निवडीन.

एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. तपासणी आधी, तत्त्वज्ञान नंतर. पाठदुखीबरोबर ताप असेल, कारण नसताना वजन घटत असेल, पायातली ताकद जात असेल, मांड्यांच्या मधला भाग बधिर होत असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर ताबडतोब डॉक्टरकडे जायचं. तिथे शब्दचर्चा कामाची नाही.

तपासण्या होऊन गेल्या असतील आणि तरी दुखतच असेल, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना ‘पेन होतंय’ असं सांगू नका. ठणकतंय की सणकतंय, कळ येते की रग लागते, कधी भरतं आणि कधी उतरतं, कोण घरी आलं की वाढतं आणि कुठे गेलं की विसरायला होतं, ते आपल्या मराठीत सांगा. आणि डॉक्टरांनो, तुमच्याकडे एवढंच मागणं: “रिपोर्टमध्ये काही नाही” यापुढे पूर्णविराम देऊ नका. “मोठी इजा नाही, पण दुखतंय हे खरं आहे, आणि त्यावर काम करता येतं,” असं म्हणायला फार तर दहा सेकंद जास्त लागतात.